हेझलबाईंचं घोडदळ

कुंदन थापा मारायचा, पण कुणाला बुडवायला नाही. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नसे, एवढंच. मखमलाबादला त्याचा मळा होता. झेंडू आणि भाजीपाला त्याची आई नवसाबाई बघायची, आणि लग्नसराईत वरातीला द्यायची पांढरी घोडी, चांदणी, कुंदन सांभाळायचा. बायको शुभांगी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मळ्यातल्या दोन खोल्या तिनं पाहुण्यांसाठी काढल्या होत्या, आणि त्यातल्याच एका खोलीत हेझलबाई येऊन उतरल्या.

सत्तरी ओलांडलेली, काटक, उन्हानं टोमॅटोसारखी झालेली इंग्लिश बाई. हातात सदा छत्री. थॉर्नशर यॉमनरी नावाच्या पलटणीचा इतिहास त्या लिहीत होत्या. त्यांचे आजोबा त्या पलटणीत बिगूल वाजवायचे.

"यॉमनरी म्हंजे काय गं?" नवसाबाईनं हार ओवता ओवता सुनेला विचारलं.

"घोडदळ, आई. पण पगारी नाही. गावोगावचे शेतकरी हौसेनं आपापला घोडा घेऊन जमायचे, कवायत करायचे आणि परत शेतावर."

"मंग आपल्यावानीच हायेत की! बसा म्हणावं त्यांना, चहा टाकते."

हेझलबाई बसल्या आणि चहाबरोबर सगळा इतिहास सांगत गेल्या. शुभांगी मराठीत सांगत होती. फ्रेंच येतील या भीतीनं पलटण उभी राहिली. फ्रेंच काही आले नाहीत. एकदा पहाटेच्या धुक्यात किनाऱ्यावर काहीतरी हललं, तेव्हा पलटणीनं तलवारी उपसून हल्ला चढवला. धुकं विरल्यावर कळलं की त्या तिथल्याच गावच्या पाटलाच्या गायी होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात सरकारनं घोड्यांऐवजी तोफा दिल्या आणि त्या तोफांच्या सरावासाठी पलटण देवळालीला आली. तेवढं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंदन त्यांना गाडीत घालून देवळालीला घेऊन गेला. सगळा लष्करी मुलूख. फाटकावरच्या जवानानं सलाम ठोकला, पण आत काही सोडलं नाही. हेझलबाई रस्त्याकडेच्या वडाकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि गाडीत येऊन बसल्या. वाटेत उसाचा रस नको, द्राक्षं नकोत. मळ्यावर आल्यावर गोठ्याशी थांबून चांदणीच्या मानेवर हात फिरवायला लागल्या, तसा कुंदनला राहवेना.

"शुभांगी, सांग त्यांना. हिची खापरपणजी त्यांच्याच पलटणीतली."

शुभांगीनं नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण हेझलबाई वळून वाट बघत होत्या, तेव्हा तिनं सांगून टाकलं.

हेझलबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी लगेच वही काढली. "तिच्या कपाळावर अर्धचंद्र होता का?"

"होता तर!" कुंदन म्हणाला.

"आणि बिगूल वाजला की तिला शिंका यायच्या?"

"यायच्या! आमचे आजोबा सांगायचे. अजून हिलाबी येत्यात."

"कर्नलसाहेब जाताना रडत व्हते," नवसाबाईनं हारावरची नजर न काढता भर घातली. "लय जीव होता त्यांचा तिच्यावर. गूळ चारायचे."

हेझलबाई गंभीरपणे लिहीत होत्या. त्यांची पाठ वळताच शुभांगी दोघांवर तुटून पडली.

"अहो, पुस्तकात छापतील त्या हे! तिकडचे लोक वाचतील. आणि आई, तुम्हीपण?"

"मी फकस्त गूळ घातला," नवसाबाई म्हणाली.

कुंदननं मात्र रात्री ताट अर्धंच सोडलं. सकाळी उठून खरं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. पण सकाळी हेझलबाईच आधी तयार. पलटणीचा एवढा मोठा इतिहास लिहिला, पण आपण जन्मात घोड्यावर बसलो नाही, म्हणाल्या. आज बसायचं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? कुंदनकडे खोगीर एकच, वरातीचं. जरीचं, आरशांचं, गोंडे लावलेलं. ओट्यावरून त्यानं बाईंना वर चढवलं आणि लगाम धरून निघाला. शुभांगी बाजूनं चालत होती.

मळ्याचा रस्ता संपून डांबरी लागली आणि वळणापलीकडून बँड आला. कुठल्यातरी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला घेऊन चालले होते. नवरदेव फुलांनी मढवलेल्या गाडीत, पुढे पोरं नाचत होती. ताशा ऐकताच चांदणीनं कान टवकारले. आपली ड्यूटी सुरू झाली, एवढंच तिला कळत होतं. तिनं कुंदनच्या हातून लगाम हिसकला आणि ठुमकत, मान हलवत थेट वरातीत शिरली.

"धरा! अहो, धरा तिला!" शुभांगी ओरडली.

धरणार कोण? पोरांनी शिट्ट्या मारत वाट करून दिली. चांदणी बँडच्या पुढ्यात जाऊन पुढचे पाय उचलून नाचायला लागली. हेझलबाई आधी तिच्या मानेला मिठी मारून बसल्या होत्या. मग हळूच ताठ झाल्या. छत्री तलवारीसारखी पुढे रोखून त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, की क्लॅरिनेटवाल्याचा सूर चुकला. नवरदेवाच्या मामानं आपला फेटा काढून त्यांच्या डोक्यावर चढवला. मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक गेली ती हेझलबाईंच्या नेतृत्वाखाली. मागे गाडीत नवरदेव एकटाच बसून राहिला. त्याचे फोटो काढणारेही पुढे पळाले होते.

देवळापाशी कुंदननं त्यांना उतरवलं.

"शुभांगी, सांगून टाक. घोडी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातनं आणली. पलटण-बिलटण काही नाही."

शुभांगीनं जड जिभेनं सांगितलं. हेझलबाईंना हसू आवरेना. देवळाच्या पायरीवर बसूनच हसल्या.

"त्या म्हणतात," शुभांगीला बोलता बोलता हसू फुटलं, "पलटण इथे आली तेव्हा तिच्यात एकही घोडा नव्हता. घोडे इंग्लंडातच राहिले. शिंकांचं तर त्यांनीच बनवलं होतं. तुम्ही कुठवर जाताय, ते बघत होत्या."

कुंदन कानापर्यंत लाल झाला. "मंग वहीत काय लिहीत होत्या?"

हेझलबाईंनी वही उघडून दाखवली. पानभर चित्र होतं: चांदणी, गोठ्याच्या दारात कुंदन आणि त्याचं थापेगणिक वाढलेलं, हातभर लांब नाक.

त्या आणखी काही म्हणाल्या. शुभांगीनं सांगितलं, "तोफा आल्या आणि खोगिरं उतरवून घोडे काढून घेतले, त्या दिवशी आजोबा फार रडले होते म्हणे. घरात घोड्याचं नावच काढायची चोरी होती. म्हणून बाई कधी बसल्या नाहीत."

कुंदननं यावर काही थाप मारली नाही. तो नुसता त्यांच्याशेजारी पायरीवर टेकला. तेवढ्यात नवरदेवाचे मामा बोडक्या डोक्यानं घाम पुसत आले.

"दादा, पुढच्या आठवड्यात माझ्या पुतण्याचं लग्न आहे, गंगापूर रोडला. घोडी पाहिजे." मग हेझलबाईंकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मॅडम वेगळ्या बुक कराव्या लागतात, की घोडीबरोबरच येतात?"

शुभांगीनं ते इंग्रजीत सांगितलं. हेझलबाईंनी फेटा नीट केला आणि तारीख विचारली.