सात वाजताची मावशी

मी एक जुनी फोटोची चौकट आहे. मित्रांनो, चौकट म्हटली की तुम्हाला कुणाच्या तरी लग्नाचा फोटो आठवेल, नाहीतर शाळेतल्या बक्षिसाचा. माझ्यात तसले काही कधी बसले नाही. माझ्यात ज्याचा फोटो बसला त्याचे काम सुटले. अकरा वर्षे मी हा एकच उद्योग केला आणि त्याची लाज वाटावी एवढी अक्कल मला फार उशिरा आली.

माझा जन्म एका स्टुडिओत झाला. टीव्हीवरच्या मालिकेसाठी तिथे एक मोठे घर उभे केले होते. घर कसले, नुसता देखावा! भिंती प्लायवूडच्या, जिना सातव्या पायरीवर संपलेला, आणि स्वयंपाकघराचे दार उघडले की समोर इस्त्रीवाल्याचे टेबल. सुतारकाकांनी एका मोडक्या खिडकीचे जाड लाकूड बाजूला ठेवले होते. त्यातून त्यांनी मला घडवले, कोपरे जुळवले, पॉलिश केले आणि म्हणाले, "या घरात खरं लाकूड तेवढं हेच." मला केवढा अभिमान वाटला! काच मात्र मला मिळाली नाही. काचेवर दिवे चमकतात आणि कॅमेऱ्याला त्रास होतो, म्हणून मालिकेतल्या चौकटींना बहुधा काच नसते.

माझ्यात पहिला फोटो बसला तो मालिकेतल्या आजोबांचा. ते काम करणाऱ्या नटाला दुसरीकडे बोलावणे आले होते, म्हणून लेखकाने आजोबांना मारून टाकले. फोटोच्या कोपऱ्यावर काळी फीत आणि खाली कापडी फुलांची फुलदाणी अशी मी दिवाणखान्याच्या भिंतीवर लागले. सगळे घर माझ्यासमोर रडले. स्वतः आजोबा कॅमेऱ्यामागे उभे राहून बिस्कीट खात होते. मला गंमत वाटली. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकांचा आकडा असा काही चढला की निर्मातेसाहेब स्वतः आले, माझ्या पॉलिशवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही चौकट जपून ठेवा हं. नशीबवान आहे." एखाद्याचे कौतुक झाले की त्याला शिंगे फुटतात. मलाही फुटली.

त्यानंतर साहेबांना युक्ती सापडली. कुणाला मारायचे हे प्रेक्षकांनाच का विचारू नये? त्यासाठी एक मुलगी नेमली. तिला सगळे अभिप्रायताई म्हणत. लोकांचे फोन, मोबाइलवरचे संदेश आणि थोडी पत्रे, सगळे वाचून ती एकेक मत कागदाच्या पट्टीवर उतरवी आणि सामानाच्या खोलीतल्या टेबलावर दोन गठ्ठे लावी. एक 'ठेवा' आणि दुसरा 'काढा'. मी तिथेच पालथी पडलेली असे. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून 'काढा'चा गठ्ठा माझ्या पाठीवर ठेवून त्यावर ती कात्री ठेवायची. 'ठेवा'च्या गठ्ठ्याला बशीचे वजन होते.

मते तरी काय एकेक! धाकटी सून चहा ओतताना कपाकडे बघत नाही, तिला काढा. मोठ्या मुलाची दाढी खोटी वाटते, त्याला काढा. वकिलाचे काम करणाऱ्याचा आवाज माझ्या मेव्हण्यासारखा आहे, तो आधी काढा. सामानाची खोली सांभाळणारे सामानदादा हे ऐकून पोट धरून हसत आणि मीही मनात हसे. हसता हसता धाकटी सून माझ्यात आली. मग मोठा मुलगा आला. त्या मोठ्या मुलाने आपला फोटो बघितला आणि कुणाशी न बोलता आपला डबा उचलून निघून गेला. डब्याचे झाकण तो तिथेच विसरला होता. त्या दिवशी सामानदादा हसले नाहीत.

आता मावशींबद्दल सांगते.

मालिकेतल्या घरात बहिणीकडे राहणारी एक मावशी होती. सगळ्यांची कामे करायची, सगळ्यांची बोलणी खायची. कुणी हाक मारली की चष्मा सावरत "आले हो, आले!" म्हणत दारातून यायची. हे काम करणाऱ्या बाईंना बाहेरही सगळे मावशीच म्हणत. पांढऱ्या केसांचा टोप आणि गोल चष्मा हा त्यांचा वेष. आठ वर्षे मावशी त्याच दारातून आल्या. दुपारचा चहा त्या सामानाच्या खोलीत, माझ्या टेबलाशी बसून घेत, म्हणून त्यांच्या घरची गोष्ट मला कळली.

त्यांच्या यजमानांना विसरण्याचा आजार होता. पूर्वी ते नकाशांवर गावांची, नद्यांची नावे लिहायचे काम करत. आता त्यांना स्वतःचे नावही आठवत नसे आणि बायकोही ओळखू येत नसे. आम्ही त्यांना न पाहताच काका म्हणत असू.

एकदा सामानदादांनी विचारले, "मावशी, सहा वाजले की पळता कुठे एवढ्या?"

"घरी. सातला आमची मालिका लागते ना."

"आता आपलीच मालिका काय बघायची? पाठ झाली असेल."

मावशींनी कप खाली ठेवला. "ह्यांना मी ओळखू येत नाही रे. मला बाई म्हणतात. तुम्ही कुणाकडच्या, म्हणतात. पण सात वाजता टीव्हीवर मावशी आली की कसे खुलतात! मला म्हणतात, बघा बाई, आली आमची. मग मी त्यांच्या शेजारी बसते. अर्धा तास ते माझ्याशी माझ्याबद्दल बोलतात."

सामानदादांनी उगीच कापडी फुले झटकायला घेतली. मित्रांनो, मी निर्जीव आहे, पण त्या दिवशी पाठीवरचा गठ्ठा मला जड वाटला.

आणि त्याच सुमारास त्या गठ्ठ्यात मावशींच्या नावाच्या पट्ट्या यायला लागल्या. मावशी किती रडते. मावशी आता पुरे. त्या म्हातारीला बघून कंटाळा आला, कुणी तरुण आणा. ज्यांनी चार वर्षांपूर्वी 'मावशीसारखी मावशी मिळावी' असे लिहिले होते, त्यांतलेच काही असतील. 'ठेवा'च्या बाजूलाही मते होती. दोन्ही गठ्ठे तीन आठवडे जवळजवळ सारखे होते. मावशींचा जीव टांगणीला लागला होता. त्या चहाला येत, गठ्ठ्यांकडे पाठ करून बसत आणि जाताना हळूच विचारत, "दादा, कुठला उंच आहे रे?"

"सारखेच आहेत मावशी. चहा घ्या तुम्ही."

चौथ्या सोमवारी साहेब, लेखक आणि अभिप्रायताई सामानाच्या खोलीतच बसले. मावशी कोपऱ्यात चहा पीत होत्या. टपालाने एकच पत्र आले होते. अभिप्रायताईने ते उघडले आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं बाई, काय अक्षर आहे! छापल्यासारखं." मग तिने ते मोठ्याने वाचले. मला ते अजून पाठ आहे.

"मालिकेच्या चालकांस सप्रेम नमस्कार. आपली मालिका मी रोज सात वाजता पाहतो. आपण मावशींना फार राबवता आणि रोज रडवता. मला ते पाहवत नाही. त्या चांगल्या घरच्या दिसतात. त्यांच्या घरी कोणीतरी त्यांची वाट पाहत असेल. तरी त्यांना लवकर मोकळे करून घरी पाठवावे, ही विनंती. कळावे."

खाली सही नव्हती. सहीसाठी नाव आठवावे लागते.

"किती छान लिहिलंय," अभिप्रायताई म्हणाली. "हे कुठल्या गठ्ठ्यात घालू?"

लेखकाने खांदे उडवले. "पाठवून द्या म्हणतोय ना? मग काढा."

तिने ते माझ्या पाठीवर ठेवले. गठ्ठा एका कागदाने उंच झाला.

मावशी उठून आल्या. त्यांनी कात्री बाजूला केली, पत्र हातात घेतले आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवले. त्यांचा चेहरा पत्राआड असल्यामुळे मला दिसला नाही. आवाज मात्र ऐकला. अगदी साधा होता.

"मग घरीच पाठवा ना मला," त्या म्हणाल्या. "पत्रात लिहिलंय तसं. सामान घेऊन मावशी घरी गेली, एवढंच दाखवा. म्हणजे सणासमारंभाला का होईना, कधीतरी परत येता येईल मला."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते अजिजीनेच बोलले. "मावशी, घरी गेलेल्या माणसाला कोण बघतं? फोटो लागला की लोक आठ दिवस टीव्हीसमोरून हलत नाहीत. लोकांचं मत आहे, मी काय करू?"

मग ते तिघे मावशीच्या मरणाचा भाग ठरवायला निघून गेले. सामानदादा जवळ आले. "मावशी, ते अक्षर..."

"ह्यांचं आहे. शेजारच्या वहिनींनी टाकलं असेल पेटीत."

"अहो मग सांगा की त्यांना! आजारी माणसाचं पत्र मोजायचं नाही म्हणावं."

"का नाही मोजायचं?" मावशी एकदम चिडल्या. "रोज बघतात ते. एक दिवस चुकवला नाही. आणि इतक्या वर्षांत मला आलेलं त्यांचं पहिलं पत्र आहे हे. ते खोटं म्हणून सांगू?" पत्राची घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि सहा वाजायची वाट न बघता त्या घरी गेल्या.

फोटो काढणारा त्यांना म्हणाला, "हसा मावशी. एवढं नको, जरा कमी." तो कमी हसणारा फोटो माझ्यात बसला. सामानदादांनी मला भिंतीवर लावताना खिळा दोनदा वाकडा ठोकला. हे टीव्हीवर दिसले त्या आठवड्यात आकडा पुन्हा चढला. पण लोकांचा कंटाळा मावशींबरोबर गेला नाही. चार महिन्यांत मालिकाच बंद पडली. प्लायवूडच्या भिंती पाडल्या, दार उतरवले, पट्ट्यांचे गठ्ठे रद्दीत गेले. मलाही भंगारात टाकत होते. सामानदादांनी मला पिशवीत घातले, सोबत मावशींचा गोल चष्मा घातला आणि ते मला मावशींकडे घेऊन आले.

अशी मी पहिल्यांदा खऱ्या घरात आले, मित्रांनो. दोन खोल्या, खिडकीशी एक आरामखुर्ची, आणि तिच्यात काका. मी पिशवीतून बाहेर निघाले आणि काका खुर्चीतून उठले. कितीतरी महिन्यांत ते आपणहून उठले नव्हते, असे मावशी नंतर म्हणाल्या. मला काच नाही. त्यांनी थेट फोटोतल्या गालावर बोट टेकवले.

"ही गेली हो," ते मावशींना म्हणाले. "तुम्ही ओळखत होता का हिला?"

"थोडीफार."

"फार चांगली होती. मी लिहिलं होतं त्यांना, हिला घरी पाठवा म्हणून. माझं पत्र उशिरा पोचलं असणार." आणि ते रडू लागले. ज्या बाईसाठी ते रडत होते तीच त्यांचे डोळे पुसत होती आणि ते "असू दे बाई, असू दे" म्हणत होते.

त्यांच्या हट्टाने मी टीव्हीच्या वर लागले. टीव्ही आता कुणी लावत नाही. सात वाजले की काका खुर्ची माझ्याकडे वळवून बसतात आणि माझ्याशी बोलतात. शेजारच्या खुर्चीवर मावशी असतात. पूर्वी त्या अर्ध्या तासात काका त्यांना सगळे सांगायचे. आता सांगण्यासारखे नवे काही घडत नाही, म्हणून काका त्यांच्याशी बोलत नाहीत.

एका संध्याकाळी मावशींनी धीर केला. पांढऱ्या केसांचा टोप त्यांच्याकडे नव्हता, पण केस तसे बांधले. गोल चष्मा लावला. त्यालाही माझ्यासारखीच काच नाही. सात वाजता त्या आतल्या खोलीच्या दारातून चष्मा सावरत आल्या आणि म्हणाल्या, "आले हो, आले!"

मी आठ वर्षे ते वाक्य ऐकले होते. एवढे चांगले त्यांनी ते कधी म्हटले नव्हते.

काकांनी त्यांच्याकडे बघितले. मग माझ्याकडे बघितले. मग पुन्हा त्यांच्याकडे. माझ्या लाकडाला पालवी फुटेल असे मला वाटले.

"नको बाई," काका म्हणाले, अगदी सौम्यपणे. "वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्हाला तिचं काम जमत नाही."

मावशींनी चष्मा काढला. "बरं," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. चष्मा तेव्हापासून माझ्या खिळ्याला अडकवलेला आहे.

मित्रांनो, तुम्ही टीव्ही बघताना सहज म्हणता, हिला काढा रे आता. म्हणू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? फोटो तर माझ्यातच बसला. जुन्या वस्तू गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मावशी मला रोज पुसतात, तेवढे पुष्कळ झाले. तुमच्यापैकी कुणी कधी या घरी आलात, तर सात वाजता काकांची खुर्ची माझ्याकडून वळवून मावशींकडे करा. ते ओळखणार नाहीत, मला माहीत आहे. तरी करा.