दारावरचा तळवा

"मग बाई, फुलपाखरू आणि पक्षी एकमेकांचे कुणीच नाहीत?"

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले आणि बाईंच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

हा धडा त्या वर्षानुवर्षे डोळे झाकून शिकवत आल्या होत्या. माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख यांची कामे वेगळी, पण आतली हाडे एकाच पूर्वजाकडून आलेली, म्हणून ते सख्खे. फुलपाखराचा पंख आणि पक्ष्याचा पंख यांचे काम एकच, पण मूळ वेगळे.

"ही नात्याची खूण नाही," त्या म्हणाल्या. "दोघांनाही हवेत उडायचं होतं, म्हणून सारखे झाले."

उत्तर बरोबर होते. मात्र ते त्यांना स्वतःलाच लागले.

कारण घरी धाकटे दीर आले होते, सासूबाईंना कायमचे न्यायला. दादा गेला, आता पोटचा मुलगा असताना आईने सुनेकडे का राहायचे, असे त्यांनी सकाळीच विचारले होते. माणूस मनाचा निर्मळ. फक्त दार असे लावायचा की भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा दचकावे. बाईंच्या डोळ्यांपुढे सासूबाईंशिवायचे घर उभे राहिले होते.

बाईंच्या घरात दारे वाजत नसत. बाईंचे यजमान बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होते, आणि जरा खुट्ट झाले की त्यांची झोप कापरासारखी उडायची. दाराच्या फळीला तळवा टेकवून ते हळूच चौकटीत बसवायचे, ही युक्ती सासूबाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी सापडली, बाईंना पुढच्या. कोणी कोणाला शिकवले नव्हते. यजमान गेले, तरी दोघींच्या हातांना अजून ते कळले नव्हते.

संध्याकाळी बाई घरी पोचल्या, तर बॅग दाराशी.

"माझीच आहे, वहिनी," दीर म्हणाले. "आई ऐकत नाही."

सासूबाई चष्मा पुसत होत्या. "येईन की रे, चार दिवस पाहुणी म्हणून. पण माझं घर हे. तुझ्या दादासाठी आम्ही दोघी जागलो. मला हिला काही सांगावं लागत नाही."

दीर बाईंना म्हणाले, "तुम्ही केलंत, ते माझ्याच्याने झालं नसतं." जाताना फाटक त्यांनी सवयीने धाडकन आपटलेच, आणि दोघी हसल्या.

सासूबाईंसारखे माणूस आपल्या वाट्याला आले, याबद्दल कोणाचे आभार मानावेत ते बाईंना कळेना. त्या दार लावायला वळल्या. फळीवर सासूबाईंचा सुरकुतलेला तळवा आधीच टेकलेला होता. बाईंनी शेजारी आपला टेकवला.

"आई, आता वाजलं तरी चालेल."

"चालेल गं," सासूबाई म्हणाल्या.

आणि दोघींनी आवाज न करता दार लावले.