कपाळावरचे आठ ठिपके

मित्रांनो, मी एक जुना रबरी चेहरा आहे. अर्धा कातडीसकट, अर्धा सोललेला, लाल स्नायूंच्या पट्ट्या जागच्या जागी. जबलपुरात, नेपियर टाउनमधल्या एका चेहऱ्याच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. डॉक्टर दिवाकर माझ्यावर काडी टेकवून सांगायचे, हा हसायचा स्नायू, हा कपाळाचा. पेशंट माझा गाल चाचपून बघायचे. काय मान होता माझा!

मग इंदू सिस्टरने कमानिया गेटच्या बाजारातून हातात धरायचा आरसा आणला. जो येईल तो त्यातच तोंड खुपसायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याचं स्वतःचं असं आहे काय? दुसऱ्याच्या तोंडावर मिरवतो मेला!

दिवाकर थकले आणि त्यांची पुतणी, डॉक्टर नेहा, खुर्चीवर बसली. हिंदीत वाढलेली, मराठी अर्धीमुर्धी. सगळे स्नायू तिने माझ्यावरूनच पाठ केले होते, म्हणून ती माझी लाडकी.

एक दिवस प्रतिमाताई आल्या. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत त्या शिकवतात. भाचीचं लग्न होतं, फोटोत कपाळ गुळगुळीत हवं होतं. आठ्या तेवढ्या काढून द्या, म्हणाल्या. नेहाने ऐकलं, आठ. तिला वाटलं, बाई स्नायू ढिले करणाऱ्या आठ सुया मागून राहिल्या. तिने माझ्या कपाळावर आठ जागा मोजल्या आणि तसेच ठिपके ताईंच्या कपाळावर काढले. मी फुगलो. आरसा ड्रॉवरमध्ये पडला होता. पडू दे!

पण इंदूने तो काढलाच. ताईंच्या हाती देऊन म्हणाली, दीदी, जरा भुवया वर करा. भुवयांची टोकं झर्रकन वर गेली, कपाळाचा मधला भाग मात्र हललाच नाही. माझ्या कपाळावर स्नायू सलग आहे. ताईंच्या मधोमध तो नव्हताच. काही माणसांची घडणच तशी असते. चार ठिपके रिकाम्या जागी पडले होते, आणि बाजूचे चार नेमके त्यांच्या चालत्या स्नायूवर.

"हे आठ काहून?" ताईंनी विचारलं.

"आपणच तर बोलल्या ना, आठ," नेहा गोंधळून म्हणाली.

इंदूला हसू आवरेना. आठ्या म्हणजे माथे की लकीरें, तिने समजावलं. नेहाने खालच्या मानेने कबूल केलं, या सुया दिल्या असत्या तर भुवया तीन-चार महिने उचलता आल्या नसत्या.

ताईंचा चेहरा उतरला. "आमची पोरं हाताच्या खुणांसोबत भुवया पाहतात, बेटा. वर गेल्या तर त्यांना समजते, मॅडम विचारून राहिली. नाही तर वाटते, सांगून राहिली. चार महिने मी त्यांना धड एक प्रश्न विचारू शकली नसती."

नेहाने ठिपके पुसले. ताई आठ्यांसकट लग्नाला गेल्या.

आरशावर मी अजूनही जळतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, कोणाच्याही चेहऱ्याला सुई लावण्याआधी तो हलवून पाहा. माझ्यावरून ठरवू नका.

त्या दिवशी जाताना ताई माझ्यापाशी थांबल्या. माझ्या सोललेल्या गालाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. शब्द एक नाही, पण मला कळलं. दुखतं काय? इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या भुवयांचा मला आरशापेक्षाही जास्त हेवा वाटला. उत्तर द्यावं म्हणून मी खूप जोर केला, पण माझी भुवई काही हलली नाही.