हसबी उस्तादांचा दम

धुकं दरीतून वर आलं तेव्हा गुलदाने पठाराच्या पश्चिम टोकाला होती. दोन कालवडी चुकल्या होत्या. त्यांना शोधायला ती आणि शेजारची नाझिरे दुपारचं जेवण उरकून निघाल्या होत्या. नाझिरे वीस पावलांवर चालत होती. तिच्या डोक्यावरचा लाल रुमाल आधी फिका झाला आणि मग दिसेनासा झाला.

"नाझिरे! आहेस तिथेच थांब, मी येते."

"तू येतेस? तुला स्वतःचं नाक दिसतंय का? मीच येते!" नाझिरे समुद्रकाठच्या गावातली, मागच्या वर्षी ढोलवाल्या रजबची सून होऊन आलेली, जिभेने तिखट.

दोघीही निघाल्या आणि तिथेच चुकलं. नाझिरेची हाक एकदा वरून आली, एकदा खालून, मग आलीच नाही.

तासाभरात गुलदानेचा लोकरी झगा भिजून जड झाला. बोटं वळेनात. थांबावं तर गारठून जाईल, चालावं तर कुठे जाईल, कळत नव्हतं. मागच्या शरदात वरच्या वस्तीतला एक मेंढपाळ धुकं सरायची वाट बघत बसला होता. धुकं तिसऱ्या दिवशी सरलं. तो बसलेलाच सापडला.

आणि मग झुर्ना ऐकू आला, सनईच्या जातीचा, पण जास्त खणखणीत.

धुक्यात कोणी अडकलं की वस्तीवर ढोल आणि झुर्ना वाजवायचे, आणि अडकलेल्याने आवाजाच्या रोखाने यायचं, हा इथला जुना रिवाज. आज ढोल नव्हता. अशा दमट हवेत त्याचं कातडं ढिलं पडतं आणि ओल्या गोधडीवर मारल्यासारखा आवाज येतो. झुर्ना मात्र भरभरून वाजत होता, आणि तो वाजवणारा दुसरा कोणी असणं शक्य नव्हतं. तिचे वडील, हसबी उस्ताद. गालात हवा साठवायची, तोंडाने फुंकत असतानाच नाकाने श्वास ओढायचा आणि सूर क्षणभरही तुटू द्यायचा नाही. ही विद्या त्यांच्या आजोबांकडून आलेली. आजोबा फौजेच्या वाजंत्र्यांत होते. ते सांगायचे, झुर्ना थांबला की सैनिकाला वाटतं निशाण पडलं, आणि मग पाय मागे फिरतात. हसबी उस्ताद लग्नात दोन-दोन तास न तोडता वाजवत. बाकीचे वाजंत्री अर्ध्या तासात पाणी मागू लागले की ते नुसत्या भुवया उंचावत.

सूर समोरून येत होता, मोठा आणि स्वच्छ. मागूनही येत होता, पण दबलेला, उशीखालून आल्यासारखा. मागचा तो पडसाद, असं गुलदानेने धरलं आणि ती समोर चालू लागली.

बरंच चालल्यावर गवत संपलं. पायाखाली खडी लागली. चेहऱ्यावर खालून वर गार वारा येऊ लागला, आणि तिच्या टाचेखालचा एक दगड निसटला. तो घरंगळल्याचा आवाज आला, मग काहीच आलं नाही. ती थांबली, श्वास रोखून ऐकत राहिली. दगड खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही.

ती हातपाय टेकून बसली.

वस्तीच्या अलीकडे एक ओढा आहे, त्याचा काठ असाच उभा. हा तो असेल, तर बसत-घसरत खाली उतरायचं, पाणी ओलांडायचं, की पंधरा मिनिटांत शेगडीजवळ. पठाराच्या दुसऱ्या अंगाला मात्र खोल दरी आहे आणि तिच्या पलीकडे ससाण्याचा कडा, भिंतीसारखा ताठ. हा तिचा काठ असेल तर पुढे फक्त हवा होती. हाताला दोन्हीकडची खडी सारखीच लागत होती. दगड ओढ्यातल्या शेवाळावर पडला असेल, म्हणून आवाज आला नसेल? सूर तर समोरूनच येत होता, तिचं नाव घेऊन बोलावल्यासारखा. दात एकमेकांवर आपटत होते. अंगाची थरथर थांबली की संपलं, हे तिला माहीत होतं. अजून थरथर होती, पण मघाशी होती तितकी नव्हती.

तिने एक पाय काठावरून खाली सोडला. टेकायला काहीतरी मिळेल म्हणून चाचपडला.

तेवढ्यात मागचा, दबलेला झुर्ना तुटला.

समोरचा वाजतच होता. एक, दोन असं म्हणण्याइतका वेळ गेला. मग तोही, अगदी तसाच, सुराच्या त्याच जागी तुटला.

पहिला विचार आला तो बाबांचा. त्यांचा दम तुटला, म्हणजे त्यांना काहीतरी झालं. दुसरा विचार आला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. आधी थांबला तो माणूस. नंतर थांबला तो कडा. मध्ये टेकडी आल्यामुळे बाबांचा सूर दबला होता आणि तोच सूर कड्यावर आपटून मोकळ्या दरीतून उघडा-वाघडा येत होता. मोठा होता तोच खोटा होता.

तिने पाय वर ओढून घेतला.

आणि मग, नको असताना, तिसरा विचार आला. अकरा वर्षांपूर्वी तिचा भाऊ इल्यास अशाच धुक्यात याच दरीत पडला होता. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले होते. बाबा त्या दिवशी सहा तास वाजवत होते. एकदाही न थांबता.

झुर्ना पुन्हा सुरू झाला, थोड्या वेळाने पुन्हा तुटला. प्रत्येक वेळी ती थांबून ऐकायची, कोण आधी गप्प होतो ते, आणि त्या दिशेला वळायची. आधी रांगत, मग वाकून, मग धावत. टेकडी ओलांडल्यावर दबलेला सूर एकदम मोठा झाला, ती घसरत ओढा उतरून पार झाली आणि वस्तीच्या झऱ्याचं दगडी टाकं दिसलं.

हसबी उस्ताद टाक्याच्या काठावर बसले होते. ओठांतून रक्त येऊन पांढऱ्या मिशीत सुकलं होतं. तिला पाहून ते उठायला गेले आणि उठता आलं नाही.

"तुटला गं," ते म्हणाले. "चारदा तुटला. इल्याससाठी सहा तास वाजवलं, एकदा तुटू दिला नाही. तुझ्याच वेळेला..."

ती त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारून बसली. त्या सहा तासांनी काय केलं हे त्यांना कधीच कळता कामा नये, तिने ठरवलं. दम म्हातारा झाला, एवढंच त्यांना वाटू दे.

"अहो, वय झालं आता," ढोलवाला रजब म्हणाला. त्याने तिच्या अंगावर घोंगडी टाकली. "माझा ढोल भिजला, तुमचा दम भिजला. गुलदाने, आमची सून कुठाय?"

गुलदानेने मान वर केली. "नाझिरे आली नाही?"

रजबचा चेहरा पांढरा पडला. "उस्ताद," तो म्हणाला, आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "उठा. पोरगी तुमच्या जिवावर आहे. आता प्राण गेला तरी थांबू नका."

"नाही थांबणार." उस्तादांनी झुर्न्याची बोरूची पत्ती ओठांनी ओली केली. गाल फुगवले.

गुलदानेने झुर्न्याच्या तोंडात मूठ खुपसली.

"काय करतेस? वेड लागलं का?"

"तोडून वाजवा, बाबा. थोडं वाजवा आणि थांबा. पुन्हा थोडं, पुन्हा थांबा."

"थांबू? धुक्यात माणूस असताना?"

"सलग वाजवलं की कडा तेच वाजवतो. टेकडीपलीकडे तुमच्यापेक्षा मोठ्याने. मी त्याच्याकडेच गेले होते. एक पाय खाली सोडला होता." तिचा आवाज फाटला. "तुमचा दम तुटला म्हणून मला कळलं. तुम्ही आधी गप्प झालात, कडा नंतर."

"ही काय बडबडतेय?" रजब ओरडला. "पोरगी गारठलीय, उस्ताद, तुम्ही वाजवा!"

हसबी उस्ताद तिच्याकडे बघत होते. पन्नास वर्षं ज्याचा कान आवाजात मुरला होता त्याला पुढचं सांगावं लागणार नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत ती समज उतरताना तिने पाहिलं, हळूहळू, आणि ती दरीच्या काठावर घाबरली नव्हती इतकी आता घाबरली. त्यांचा खालचा ओठ हलला. भावाचं नाव येईल असं तिला वाटलं.

"मूठ काढ," ते म्हणाले.

त्यांनी एकच आखूड सूर मारला आणि झुर्ना खाली केला. सगळे गप्प उभे राहिले. मग पश्चिमेकडून, लांबून, तोच सूर आला. बारीक, पण अगदी तोच. इतक्या वर्षांत हा पडसाद वस्तीवर कोणी ऐकला नव्हता. उस्ताद कधी थांबलेच नव्हते, आणि आज सूर तुटला तेव्हा कोणी तिकडे कान दिला नव्हता.

रजबने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

उस्ताद वाजवत राहिले. एक आखूड सूर, मग पाच आकड्यांइतकी शांतता. त्या शांततेत ते मान पश्चिमेकडे वळवत आणि कडा बोलून होईपर्यंत डोळे मिटून घेत. सूर प्रत्येक वेळी सारखा येत होता.

अर्धा तास गेला असेल, जास्तही असेल. टेकडीच्या अंगाने आधी एक शिवी ऐकू आली आणि मग लाल रुमाल दिसला. रजब धावला. नाझिरेचे गुडघे सोलवटले होते, ओठ निळे पडले होते, पण जीभ शाबूत होती.

"एकदा इकडून, एकदा तिकडून," ती दात वाजवत म्हणाली. "मी म्हटलं, पहिला तो आपला म्हातारा, दुसरा कोणीतरी वेडावतोय त्याला. पण काय हो उस्ताद, हे काय वाजवणं? टूं, थांब, टूं, थांब. शिकाऊ पोरासारखं. दम संपला वाटतं तुमचा?"

गुलदानेने वडिलांकडे पाहिलं.

हसबी उस्तादांनी पत्ती काढली, बाहीला पुसली आणि खिशात ठेवली.

"हो पोरी," ते म्हणाले. "संपला."