तोतारामची जोडवी

"पंखा बंद कर," आई म्हणाली. मी उठून केला.

धुळ्याच्या घरातले उन्हाळ्यातले रविवार असेच जायचे. मागच्या खोलीत आई पाटावर बसलेली, समोर शेगडी, ओठांत फुंकणी. खिडकीही लावलेली, कारण वारा लागला की ज्योत हलते आणि सांध्यासाठी वितळवलेली झाळ भलतीकडे पळते. मी चौकटीला टेकून वाचत बसायची. घामानं पुस्तकाच्या कडा ओल्या व्हायच्या. जळगावला मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, मेहरूणला राहते. शनिवारी बसनं धुळ्याला यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की वाटेत पारोळ्याला डोळे आपोआप उघडायचे.

त्या दिवशी आई जोडवी करत होती. रुंद पट्टीवर पिळाची तार आणि तिच्या दोन्ही कडांना चांदीच्या बारीक रव्यांची ओळ. एकेक रवा चिमट्यानं ठेवायचा, टाकणखार लावायचा, फुंकायचं. रवा बसला की ती श्वास सोडायची. मग थोडा वेळ नुसती बसायची. पूर्वी अशी बसत नसे.

पहिलं जोडवं तयार झालं. ते चिंचेच्या पाण्यात उकळून, रिठ्यानं घासून, पुसून तिनं पाय लांब केला आणि अंगठ्याजवळच्या बोटात घातलं. बोट वर-खाली केलं.

"दोऱ्याचं माप दिलंय ना त्यांनी?" मी पुस्तकातून वर न बघता म्हणाले.

"दोऱ्याला बोचलं तर तो सांगणार आहे का?"

तिनं ते काढलं, कानसीनं आतली कड जराशी घासली, परत घातलं. मग समाधान झालं. बोटावर काळसर वळं राहिलं होतं, ते तिनं साडीच्या काठानं पुसल्यासारखं केलं.

"कुणाची गं ही?"

"कापडण्याच्या प्रमिलाबाईची. पोरीचं लग्न आहे. तोतारामच्याच हातची पाहिजेत म्हणे."

"मग कुठंयत तोताराम?"

"हे काय बसलेत. घाम पुसतायत." थोड्या वेळानं ती म्हणाली, "थकला आता तोताराम."

"सुट्टी द्या त्याला."

"तो कसला घेतो. फार गर्विष्ठ माणूस आहे."

आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या जोडव्याचे रवे बसले होते, घासायचं राहिलं होतं. ते उद्या बघू, म्हणाली. निघताना तिनं डब्यात कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. हात काळे होते म्हणून दारापर्यंत आली नाही. आतूनच "पोचलीस की फोन कर" म्हणाली. मी पोचल्यावर केला. काय बोललो ते आठवत नाही. विशेष काही नसणार.

सोमवारी सकाळी शेजारच्यांचा फोन आला. आई झोपेतून उठलीच नव्हती.

*

तोताराम कोण, हे आता सांगायला हवं.

माझे वडील, सुकदेव, चांदीचं काम करायचे. मी सहावीत असताना ते गेले. आई त्यांच्या शेजारी बसून तार ओढायची, रवे करायची, पुढे पुढे झाळायचीही. हात तिचा त्यांच्याइतकाच बसलेला होता. दुकान पारसभाऊंचं. ते माल विकायचे, आम्ही करून द्यायचो. वडील गेल्यावर पारसभाऊंनी विचारलं, "ताई, काम चालू ठेवाल का?" ती म्हणाली, ठेवीन. अडचण एकच होती. दुकानात सगळ्यात जास्त खपायची ती जोडवी, आणि नवरीच्या पायातलं सौभाग्याचं लेणं विधवेच्या हातचं कोण घेणार? पैंजण चाललं असतं. करगोटा, वाळे चालले असते. जोडवी नाही.

म्हणून तोताराम आला. नाव कुणी काढलं कोण जाणे, बहुतेक आईनंच. पारसभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा तोताराम म्हणून कारागीर आहे, वरणगावकडचा, त्याच्या घरी बसून काम करतो, कुणाला भेटत नाही. आई पिशवीत माल घालून दुकानात नेऊन द्यायची. लोकांच्या लेखी ती तोतारामचा माल पोचवणारी बाई. आमच्या घरी कुणी त्याला विचारत आलंच तर मी सांगायचं, "तोतारामकाका गावाला गेलेत." मी इतक्या वेळा सांगितलं की तो मला डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. टोपी घातलेला, बिनसाखरेचा चहा पिणारा, तिरसट.

शुद्ध चांदी मऊ असते, पायात टिकत नाही. आई तिच्यात बेतानं तांबं घालायची. पारसभाऊ वरून ९२५ चा शिक्का मारायचे. शिक्का दुकानाचा, नाव तोतारामचं. धुळ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत कितीतरी बाया आजही आईची जोडवी घालून चालतात. ती कुणाची, हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

*

तिला शेवटची अंघोळ घालताना बेबाबाई होती. बेबाबाई म्हणजे माझी आत्या. तिनं पायांवर पाणी ओतलं आणि थांबली.

"हा काय डाग गं बोटाला?"

अंगठ्याजवळच्या बोटाभोवती काळसर वळं होतं, जोडवं घालतात तिथंच.

"कोळशाचा असेल," मी म्हणाले.

आत्यानं साबण लावून ते घासून काढलं. नीट, प्रेमानं काढलं. तिला वाटलं, आईला स्वच्छ करून पाठवतो आहोत आपण. मी हातात तांब्या धरून उभी होते.

पुढचे दिवस लोक येत होते. पुस्तकांत मी दुःखाची वर्णनं पुष्कळ वाचली आहेत. थकव्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. चहा करायचा, कप विसळायचे, कसं झालं ते पहिल्यापासून सांगायचं, ऐकणारा हळहळला की आपणच त्याची समजूत घालायची. संध्याकाळी पाय दुखायचे, जणू दिवसभर कुठंतरी चालत होते. शेगडीची खोली मी बंद ठेवली होती. पाहुणे विचारायचे, आईचा वेळ कसा जायचा गं एकटीचा? मी म्हणायचे, असंच, काहीतरी करत असायची.

दोघी-तिघींनी सांत्वन करून झाल्यावर उठता उठता विचारलं, "तोताराम बरा आहे ना? आता माल कोण पोचवेल त्याचा?"

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी पारसभाऊ आले. खुर्ची पुढे केली तरी खालीच बसले. बराच वेळ आईच्या फोटोकडे बघत राहिले. त्यांचंही वय झालंय. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ताई गेल्या म्हणजे माझा हातच गेला बेटा."

मी पाणी दिलं.

"एक गोष्ट बोलायची होती. तोतारामचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"राजकोटचा एक जण आहे माझ्या बघण्यात. हात चांगला आहे. ताईंइतका नाही, पण चांगला आहे. नाव तोतारामच चालू ठेवू, असं मनात आहे. लोकांचा विश्वास आहे त्या नावावर."

"आणि आई?"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"दिपा, मी वाईट माणूस नाही," ते म्हणाले.

"नाहीच आहात."

"मग ऐक. आज मी दुकानात पाटी लावतो की हे सगळं काम कोकिळाताईंचं होतं. मला काय, चार गिऱ्हाइकं कमी होतील. पण इतक्या वर्षांत एवढ्या पोरींनी ती जोडवी घातली. कुणाचा नवरा गेला असेल, कुणाला सोडलं असेल. त्या कुणाला बोल लावतील? मला नाही लावणार. तुझ्या आईला लावतील. मेलेल्या बाईला शिव्याशाप खायला घालू का मी?"

गेले दोन आठवडे लोकांना उत्तरं देऊन मी दमले होते.

"बघा तुम्हाला योग्य वाटेल ते," मी म्हणाले.

ते उठले. दारात चप्पल घालताना म्हणाले, "कापडण्याच्या प्रमिलाबाई उद्या येणार आहेत. तो जोड झाला होता का?"

"एक झालं होतं. दुसरं घासायचं राहिलंय."

"राहू दे. मी बाहेरून घासून घेतो."

"नको," मी म्हणाले. "मी आणून देते."

*

खोली उघडली. शेगडीत राख तशीच होती. पाटावर बसले तर गुडघे ऐरणीला टेकले. आई माझ्यापेक्षा ठेंगणी होती.

मला झाळता येत नाही, तार ओढता येत नाही. आईनं मुद्दामच शिकवलं नाही, तू शीक म्हणायची, पण पुस्तकं. एक काम मात्र लहानपणापासून माझं होतं. जोडवं घासून झालं की त्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा. कुठं एखादा तंतू अडकला तर तिथं अजून कड आहे. आईला ती जागा दाखवायची, ती घासायची, मी परत बोळा फिरवायची. शाळेतून आल्यावर माझा अभ्यास होईपर्यंत हे चालायचं.

मी कानस घेतली. पहिल्यांदा बोळा फिरवला तर कापूस दोन्ही टोकांना धरला गेला. घासलं. परत फिरवला. एका रव्यापाशी बारीक तंतू राहिला, उजेडात धरला तेव्हा दिसला. पुन्हा घासलं. खोलीत उकडत होतं आणि मला पंखा लावायचं सुचलं नाही. सुचलं तेव्हा हसू आलं, कारण आता ज्योत नव्हती.

शेवटी कापूस सरळ निघून आला.

मग मी पाय लांब केला आणि जोडवं बोटात घातलं. बोट वर-खाली केलं. आतल्या बाजूला एका जागी किंचित टोचत होतं, जिथं कापूस अडकला नव्हता. काढून तिथं घासलं, परत घातलं. मग नाही टोचलं. काढल्यावर बोटाभोवती काळसर वळं राहिलं. ते मी पुसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचले तेव्हा प्रमिलाबाई येऊन बसल्या होत्या. ठसठशीत बाई, पायाशी लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या.

"तू कोकिळाबाईनी पोर ना व?" त्यांनी माझा हात धरला. "माय गयी म्हने तुनी. भलती चांगली बाई व्हती. तोतारामना माल तीच लई ये ना."

मी मान हलवली. पारसभाऊंनी जोड माझ्याकडून घेतला, लाल कागदावर मांडून त्यांच्यापुढे सरकवला. प्रमिलाबाईंनी एक जोडवं उचललं, तळहातावर ठेवलं, वजन घेतल्यासारखं केलं, मग रव्यांवरून अंगठा फिरवला.

"हाऊ हात तोतारामनाच शे. वळखाई जास."

"पसंत आहे ना अक्का?" पारसभाऊंनी विचारलं.

"पसंतनं काय इचारतस. मन्हा पायमा ज्या शेतस, त्या बी त्यान्याच." त्यांनी लुगडं जरासं वर घेऊन पाय दाखवला. जुनी, गुळगुळीत झालेली जोडवी, पण रव्यांची ओळ अख्खी होती. "लगनमा घालेल व्हत्यात. आजून घिसन्या नहीत. एक दिन बोचन्या नहीत."

मी त्या पायाकडे बघत राहिले.

प्रमिलाबाईंनी पिशवीत हात घातला. एक नारळ काढला आणि त्यासोबत घडी केलेला टॉवेल आणि पांढरी टोपी. आमच्याकडे लग्नात पुरुषाचा मान असा करतात.

"हाई तोतारामले देजा. आनि त्याले सांगा, मन्ही पोरना लगनले ये. बठ्ठा गावना पुढे पाट मांडसू त्याना."

"तो कुठे जात नाही हो," पारसभाऊ घाईनं म्हणाले. "द्या, मी पोचवतो."

"इतला वरीस व्हयनात, एक डाव तोंड नही दखाडं. भलता गर्विष्ठ मानूस दिखस."

मला आईचा आवाज ऐकू आला, अगदी जवळून, घाम पुसता पुसता बोललेला. प्रमिलाबाईंनी टॉवेल-टोपी माझ्याच हातात दिली होती. पारसभाऊंनी घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी हळू मान हलवली, नको म्हणून. जोडवी लाल कागदावरच होती. प्रमिलाबाईंनी अजून ती पिशवीत टाकली नव्हती. त्या ती तशीच ठेवून उठून जाऊ शकत होत्या, हे मला दिसत होतं. पायातली काढून तिथंच भिरकावू शकत होत्या, आणि आईचं नाव घेऊन बोटं मोडू शकत होत्या.

"प्रमिलाबाई," मी म्हणाले.

"काय माय?"

"तोताराम नावाचं कुणी नाही. कधीच नव्हतं. ही जोडवी माझ्या आईनं केलीत. तुमच्या पायातली आहेत ना, तीही तिनंच केलेली. माझे वडील गेल्यावर. प्रत्येक जोड ती आधी स्वतःच्या बोटात घालून बघायची, तुम्हाला बोचू नये म्हणून."