दोनची जागा

"जरा नीट उभी राहा गं बये, तुझ्यापेक्षा माझी सासू बरी," कालमेत पुटपुटला आणि माझ्या कडेवर पाय दाबून त्यानं दोरी ताणली. दमट हवेत माझं लाकूड फुगतं, खिळे सैल होतात आणि मी डुगडुगते. पंचवीस वर्षं हा माणूस माझ्यावर पाय ठेवून उभा आहे. एवढी कुरकुर करायचा हक्क त्याला आहे.

मित्रांनो, मी चहाची एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुम्हाला हार्मोनियम आठवेल, पण माझा जन्म तेवढा सुरेल नाही. पातळ फळ्या, कडांना पत्रा, आत चंदेरी कागद आणि पोट भरून चहा, अशी मी बोटीतून पोर्ट विला बंदरातल्या एका दुकानात उतरले. चहा संपला आणि दुकानदारानं मला मागच्या अंगणात टाकून दिलं. तिथून न्गुना बेटावरच्या दोन भावांनी मला होडीत घालून घरी आणलं. धाकट्या कालमेतला माझ्यात कोंबड्या ठेवायच्या होत्या. थोरला सेथ म्हणाला, "कोंबड्या झाडावरही झोपतात. हिला गाऊ दे."

त्यानं खिळा तापवून माझ्या पाठीला भोक पाडलं, त्यातून मासेमारीची जाड दोरी ओवली आणि दोरीचं दुसरं टोक एका काठीला बांधलं. काठी ओढली की माझा आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो. मला गळा मिळाला तो असा.

आमच्या ताफ्यात चार गिटारी, गिटारीची पिल्लं शोभतील असे दोन उकुलेले आणि मी. 'एक'ला मी धुम् म्हणायचं. 'दोन'ला सेथचा हात गिटारीवर पडायचा आणि लगेच तळव्यानं तारा दाबून आवाज तोडायचा. चक्! धुम्-चक्, धुम्-चक्. बाकीचं गाणं या दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर कपड्यांसारखं झुलायचं. लग्नात, चर्चच्या जेवणावळीत आम्हालाच बोलावणं असे. शेजारच्या पेले बेटावरचे लोक म्हणायचे, "न्गुनाची पेटी वाजली की आमच्या म्हातारीचा गुडघा बरा होतो."

दोन वर्षांपूर्वी सेथ एकटाच होडी घेऊन मासे धरायला प्रवाळाच्या कडेपलीकडे गेला. समुद्र अगदी शांत होता. तिसऱ्या दिवशी पेट्रोलचा रिकामा डबा किनाऱ्याला लागला. शोधायला आलेलं एक विमान दोनदा घिरट्या घालून गेलं. त्यानंतर घरात एकच उत्तर असे. छप्पर गळतंय? सेथ आला की बघू. डुक्कर कधी कापायचं? सेथ येऊ दे. त्याच्या वाट्याचे कंद दर हंगामाला खणून, वेगळे रचून ठेवले जायचे आणि तिथेच कोंब फुटून सुकायचे.

ताफ्यातही त्याची जागा कुणी घेतली नाही. मी धुम् म्हणायचं, मग सगळ्यांनी हात उचलून थांबायचं, मग पुन्हा धुम्. त्या रिकाम्या जागेत सगळे श्वास धरून असायचे. माझी दोरी मात्र थरथरत राहायची आणि माझ्या पोटात मला ताल धरताना जमिनीवर पडणाऱ्या सेथच्या टाचेचा ठोका ऐकू यायचा. खोटं नाही सांगत. पोकळ वस्तूंना असलं ऐकू येतं.

यंदा सेथची मुलगी लेसाऊ गिटार शिकायला बसली. वय तेरा. गिटार बापाचीच.

"एकला वाजव, दोनला हात उचल," कालमेतनं सांगितलं.

तीन फेऱ्या ती नीट वाजवायची. चौथ्या फेरीला हात पडायचाच. चक्! उकुलेलेवाला दचकून समुद्राकडे बघायचा.

"कान कुठे ठेवून आलीस? बकरीजवळ?"

"काका, हात आपोआप पडतो."

"मग सांग की हाताला!"

"सांगितलं. ऐकत नाही. तुमच्यावर गेलाय."

सगळे हसायचे, पण पोरीला ते लागायचं. दुपारी ती एकटी येऊन माझ्यावर बसे, टाचेनं मला ठोके देत मोठ्यानं आकडे म्हणे. एकदा तर तिनं केवड्याच्या पातीनं मनगट गुडघ्याला बांधलं. हात तरी हिसका द्यायचाच, बरोबर दोनला. "मला ताल नाहीच ना गं?" तिनं माझ्या पत्र्यावर गाल टेकून विचारलं. मला सांगायचं होतं. पण कुणी ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मागच्या महिन्यात पेले बेटावर लग्न होतं. आम्ही सुरू केलं. लोकांचे पाय उचलले गेले आणि हवेतच राहिले. कुणीतरी ओरडलं, "काय रे, तुमच्या गाण्याचा पुढचा दात कुठे पडला?" मांडवभर हशा पिकला. आमच्या माणसांनी माना खाली घातल्या.

परतताना होडीत लेसाऊनं विचारलं, "काका, दोनला खरंच काही नसतं?"

कालमेतनं इंजिन सुरू केलं. त्या आवाजात काहीच ऐकू येत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना ऊन दाखवा, आमचे खिळे ठोका, वाळवीपासून आम्हाला जपा. पण आपलं न बोललेलं दुःख आमच्यात साठवू नका. आम्ही पोकळच घडलो आहोत, आम्हाला ते पेलतं. तेरा वर्षांच्या हाताला पेलत नाही.

काल शनिवार होता. पुढच्या आठवड्यात चर्चचा मोठा सण. कालमेतनं बजावलं होतं, आज हात पडला तर ताफ्यात जागा नाही. नीरफणसाखाली सेथची बायको मिरियम अळकुड्या किसत बसली होती.

आम्ही सुरू केलं. एक फेरी, दोन, तीन. चौथीला चक्. लेसाऊ या वेळी थांबली नाही. डोळे मिटून तिनं पुन्हा वाजवलं. धुम्-चक्, धुम्-चक्. माझी जुनी दोरी शहारली.

कालमेतनं माझ्यावरचा पाय काढला. "बस्स! ऊठ तिथून. तुला ताल नाही. उद्यापासून येऊ नकोस."

लेसाऊ उठली नाही. तिनं गिटार छातीशी धरली. किसण्याचा आवाज थांबला.

"ताल आहे तिला, भावजी," मिरियम म्हणाली.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका."

"पडणार. तिचा हात पडतोय ना, तिथेच पडायला हवा. आपण सगळे मिळून पोरीला चुकीचं शिकवतोय, आणि मीही मुकाट ऐकत बसलेय."

"तो आला की…" कालमेत म्हणाला.

मिरियमनं चिकट बोटं तशीच गवताला पुसली. ती उठून आली, लेसाऊच्या मागे उभी राहिली.

"कोण येणार आहे, भावजी? सेथ मेला."