चहा पारखणारा चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. पण थांबा, साखर ढवळणाऱ्या सोम्यागोम्या चमच्यांत मला मोजू नका! मी अस्सल चांदीचा, खोलगट आणि लांब दांड्याचा, खास चहा चाखण्यासाठी घडवलेला. सोनाराने माझा काठ इतका गुळगुळीत केला, की ओठाला धातू लागल्याचे कळूही नये. आणि नाव चमचा असले, तरी चमचेगिरी मी जन्मात केलेली नाही.

माझे मालक चहाच्या गोदामातले मुख्य पारखी. सगळे त्यांना काका म्हणत. रोज सकाळी लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग लागे. प्रत्येक वाटीत वेगळ्या मळ्याचा चहा, तोही बिनदुधाचा, बिनसाखरेचा. काका मला त्यात बुडवत, ‘सुर्रर्र’ करून घोट ओढत, जिभेवर घोळवत आणि थुंकून टाकत. ते ‘पास’ म्हणाले की माल बाजारात जाई, ‘परत’ म्हणाले की आल्या वाटेने मळ्यात. ती जीभ आणि मी, आमच्या जोडीने भल्याभल्या मळेवाल्यांना घाम फोडला आहे.

काकांची लेकही त्यांच्याच हाताखाली तयार होऊन त्याच टेबलावर पारखी झाली होती. तिचा चमचा वेगळा. असो, तोही बरा होता.

काका जिभेला फुलासारखे जपत. सर्दीचे तर त्यांना नावही नको असे, कारण नाक चोंदले की चव गेलीच. एकदा त्यांना नुसत्या शिंका आल्या आणि घाबरून त्यांनी जुन्या आजारपणात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांना विचारायचे नावच नाही.

सर्दी तिच्या वेळेने गेली. पण जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे उठले. तोंडात कापूस कोंबल्यासारखे वाटू लागले. काका आरशापुढे उभे राहिले आणि, सांगतानाही मला कसेतरी होते, माझ्याच काठाने ती जीभ खरवडू लागले! चट्टे निघाले, रक्त आले आणि दुसऱ्या दिवशी चट्टे पुन्हा हजर. काकांना वाटले, आपले वय झाले, जीभ संपली. त्यांनी कुणालाच काही सांगितले नाही.

त्यातच एक मोठी खेप आली. काकांनी घोट ओढला आणि म्हणाले, “पास.”

लेकीने तोच चहा चाखला आणि तिचा चेहरा पडला. “बाबा, याला बुरसट चव आहे. माल ओला झालाय.”

“माझ्या जिभेवर शंका घेतेस? चारचौघांत?” काका कडाडले.

तिला गप्प बसता आले असते. पण मग तो बुरसट चहा घरोघरी गेला असता आणि काकांनी आयुष्यभर मिळवलेले नाव धुळीला मिळाले असते. तिने माल हलवायचा नाही असे बजावले, काकांना आतल्या खोलीत नेले आणि हळूच म्हणाली, “जीभ दाखवा, बाबा.”

काकांनी तोंड घट्ट मिटून घेतले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड उघडले.

लेक त्यांना तडक दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जीभ पाहिली, गोळ्यांची हकिगत ऐकली आणि त्या हसल्याच. “अहो काका, ही यीस्ट नावाची बुरशी. ती आपल्या तोंडात असतेच, पण चांगले जिवाणू तिला पसरू देत नाहीत. तुमच्या गोळ्यांनी ते राखणदारच मारले, मग तिला रान मोकळं! आणि साधी सर्दी होते विषाणूंमुळे. या गोळ्या तिचं काही वाकडं करू शकत नाहीत.”

“म्हणजे जीभ गेली नाही?”

“कुठे जातेय! बुरशीवरचं औषध देते. खरवडणं मात्र आजपासून बंद. कुणाला हाच त्रास तोंडात होतो, कुणाला लघवीच्या जागी खाज सुटते. लोक लाजतात आणि दुखणं वाढवून ठेवतात.”

बुरशी माझ्या काठालाही लागली असणार, म्हणून मला उकळत्या पाण्यात घातले. माझ्यासारख्या मानी चांदीला! पण काकांसाठी तेही सोसले.

जीभ पुन्हा गुलाबी झाली, तसे काका टेबलाशी आले. अडवलेल्या खेपेचा चहा मी त्यांच्या ओठांशी नेला. सुर्रर्र! त्यांनी तोंड वाकडे केले.

“परत,” काका म्हणाले. मग ते सगळ्यांकडे वळले. “ही खेप मी पास केली होती. हिने अडवली. माझं नाव आज हिच्यामुळे राहिलं.”

लेक वाट्या सरळ करत राहिली. मित्रांनो, मला छाती नाही, नाहीतर ती त्या सकाळी टेबलभर फुगली असती!

मी काळा पडलो तर मला घासून उजळता येते. शरीराचे तसे नसते. म्हणून उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका. डॉक्टरांनी दिल्या तर सांगतील तशाच घ्या. आणि काही बिघडलेच, तर लाजून दडवू नका. जिचा अख्ख्या गोदामाला धाक होता, ती जीभसुद्धा लेकीपुढे बाहेर निघाली, म्हणून वाचली.